तालीम आणि ताट

शहरातील सुशिक्षित घरांतून सायंकाळच्या सुमारास दोन तक्रारी बहुधा एकाच तोंडून ऐकू येतात. पहिली, मूल नीट जेवत नाही. आणि दुसरी, मूल जागचे हलत नाही. पहिलीवर उपाय म्हणून आई घास घेऊन मुलाच्या मागे फिरते, नाना पदार्थ करून पाहते, गोष्टी सांगते, प्रसंगी धाकही घालते. दुसरीवर उपाय म्हणून वडील उपदेश करतात. दोन्ही उपाय थकतात आणि तक्रारी मात्र ताज्याच राहतात. वस्तुतः या दोन तक्रारी एकच आहेत, आणि तिचे मूळ मुलाच्या हट्टात नसून त्याच्या दिवसाच्या मांडणीत आहे. ही गोष्ट आरोग्यशास्त्राच्या ग्रंथापेक्षा एखाद्या गावाच्या इतिहासातून अधिक स्पष्टपणे उमगते. असे एक गाव म्हणजे कोल्हापूर.

कोल्हापूरला कुस्तीची पंढरी म्हणतात. १९५९ साली पहिले हिंदकेसरी झालेले श्रीपती खंचनाळे आणि १९६० चे हिंदकेसरी गणपत आंदळकर हे दोघेही याच नगरीच्या तालमींत घडले. परंतु मोठ्या मल्लांची कीर्ती हे या इतिहासाचे केवळ शिखर होय. त्याचा पाया म्हणजे पेठापेठांतील ती असंख्य पोरे, जी पुढे पैलवान झालीच नाहीत. जी शेतकरी झाली, सुतार झाली, कारकून आणि शिक्षक झाली. ती लहानपणी कोठे घाम गाळीत, काय खात आणि कोणाच्या नजरेखाली वाढत, हा खरा पाहण्याजोगा विषय आहे.

महाराष्ट्रात बलोपासनेची परंपरा जुनी आहे. सतराव्या शतकात समर्थ रामदासांनी मारुतीची स्थापना गावोगाव केली. त्यांच्या प्रसिद्ध अकरा मारुतींपैकी मनपाडळे आणि पारगाव येथील दोन आजच्या कोल्हापूर जिल्ह्यातच आहेत. जेथे मारुती तेथे तालीम, ही जोडी पुढे मराठी मुलखात इतकी रूढ झाली की एकावाचून दुसऱ्याची कल्पना करणे कठीण व्हावे. कोल्हापुरात मात्र तालीम ही केवळ व्यायामाची जागा राहिली नाही. ती पेठेची चावडीच झाली. लग्नकार्याला माणसे तेथून जमत, भांडणे तेथे मिटत, गणपती तेथे बसे, आणि कित्येक तालमींत मोहरमचे पंजेही बसत. हिंदू आणि मुसलमान दोघांचीही पोरे त्याच लाल मातीत लोळत. घरापासून हाकेच्या अंतरावर, विनाखर्चाची, वडीलधाऱ्यांच्या ओळखीची अशी ती जागा होती. मुलाला व्यायामाला ‘पाठवावे’ लागत नसे. थोरला भाऊ जाई, शेजारचा सवंगडी जाई, म्हणून तोही जाई.

तालमीतील क्रम ठरलेला असे. झुंजुमुंजू व्हायच्या आधी उठायचे, हौद्यातील माती खोऱ्याने उकरून भुसभुशीत करायची, मग जोर, बैठका आणि सपाट्या. लाल मातीत ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर मिसळून ती मऊ ठेवण्याची रीत होती, म्हणजे पडणाऱ्याला इजा कमी व्हावी. माती उकरणे हाच मुळी लहान मुलांचा पहिला व्यायाम असे. डावपेच नंतर, आधी खोरे. वस्ताद नवख्या पोराला एकदम शंभर जोर काढावयास सांगत नसे. पाच, मग सात, मग दहा, असा तो आकडा चढे. मुलाचा दम, त्याची उंची, त्याचे वय पाहून त्याची जोड लावली जाई. दमलेल्या पोराला हरवून मोठेपणा मिळविणाऱ्या दांडगटाला तालमीत मान नसे. मुलाच्या शक्तीचा अंदाज घेऊन तिला थोडी थोडी वाढवीत नेणे, हे आजचे व्यायामशास्त्रही सांगते. तालमीने ते शब्दांवाचून सांगितले.

आता ताटाकडे वळू. सकाळी घाम गाळून आणि विहिरीवर, नाहीतर पंचगंगेच्या घाटावर अंघोळ करून घरी आलेल्या पोराला जेवण्याचा आग्रह करावा लागत नसे. भूक ही मेहनतीमागून येते, हा त्या गावाचा रोजचा अनुभव होता. ‘खुराक’ या शब्दाला कोल्हापुरी बोलीत जो अर्थ आहे, त्यात हीच गोष्ट दडलेली आहे. खुराक म्हणजे नुसते खाणे नव्हे. मेहनतीच्या मापाने घेतलेले खाणे तो खुराक. मेहनतीवाचून घेतलेले तेच दूधतूप म्हणजे नुसती चैन. वस्तादाच्या तोंडी हे दोन शब्द नेहमी जोडीनेच येत.

आणि हा खुराक सर्वांना बदामाचाच मिळे असे नाही. बदाम, खसखस, बडीशेप कुंडीत घोटून केलेली थंडाई ही मोठ्या मल्लांची, राजाश्रय असलेल्यांची गोष्ट होती. सामान्य घरातील पोराच्या ताटात ज्वारीची भाकरी, हुलग्याचे माडगे किंवा मटकीची उसळ, शेंगदाण्याची चटणी, मेथी किंवा हरभऱ्याचा पाला, ताक, आणि कधी सणावारी मटणाचा रस्सा असे. हे ताट दिसावयास साधे असले तरी ते दुबळे नव्हते. ज्वारीच्या प्रथिनांत लायसीन नावाचा घटक कमी असतो; कडधान्यात तो भरपूर असतो. भाकरीबरोबर उसळ किंवा पिठले खाल्ले म्हणजे एकाची उणीव दुसरे भरून काढते. १०० ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे २५ ग्रॅम प्रथिने असतात. भाकरी, चटणी आणि ताक या गरिबांच्या न्याहारीला हिणविणाऱ्यांनी हा हिशेब एकवार मांडून पाहण्यासारखा आहे.

दुधाची गोष्ट तर कोल्हापूरची खास. पंचगंगा, भोगावती, वारणा, दूधगंगा या नद्यांच्या काठी ऊस वाढला आणि त्याच्या वाड्यांवर म्हशी पोसल्या गेल्या. गूळ शाहूपुरीच्या पेठेत गेला, दूध घरात आणि शहरात आले. गंगावेशीसारख्या ठिकाणी गवळी म्हशी घेऊन उभे राहत आणि गिऱ्हाइकासमोर धार काढून फेसाळते दूध पेल्यात देत. संध्याकाळी वडिलांचे बोट धरून दूधकट्ट्यावर जाणे हा कित्येक कोल्हापुरी पोरांच्या बाळपणीचा आनंद होता, आणि ती चाल अजूनही सुटलेली नाही. येथे एक सावधगिरीची सूचना आवश्यक आहे. न तापविलेल्या दुधातून क्षय आणि ब्रुसेलासारखे रोग येऊ शकतात हे आता निश्चित झाले आहे. म्हणून लहान मुलांना द्यावयाचे दूध उकळलेलेच असावे. परंपरेतील चांगले घेताना तिच्यातील धोका बाजूला काढणे हा परंपरेचा अपमान होत नाही.

या सर्व गोष्टींना राजाश्रयाचे बळ दिले ते राजर्षी शाहू छत्रपतींनी. त्यांच्या हाती राज्यकारभार १८९४ साली आला, आणि त्यांना मल्लविद्येची आवड जन्माची होती. १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी ते विलायतेस गेले असता त्यांनी रोमचे प्राचीन क्रीडागार पाहिले. त्याची आठवण ठेवून त्यांनी कोल्हापुरात खासबाग मैदान उभारले. मध्ये कुस्तीचा हौदा आणि सभोवार चढत गेलेली बैठक, अशी त्याची रचना असल्यामुळे शेवटच्या रांगेतील प्रेक्षकालाही कुस्ती पूर्ण दिसते. १९१२ साली त्या मैदानात गामाचा धाकटा भाऊ इमामबक्ष आणि गुलाम मोहिउद्दीन यांची कुस्ती झाली. त्या दिवसापासून कोल्हापूरच्या प्रत्येक पोराच्या डोळ्यांसमोर एक जागा निश्चित झाली, जेथे आपण एके दिवशी शड्डू ठोकू.

तथापि शाहू महाराजांचे मुलांवरील खरे ऋण खासबागेत शोधू नये. लाल मातीत जात विसरली जाते, असे म्हणण्याची रीत आहे. परंतु मातीतून उठून घरी गेलेल्या मुलाच्या ताटात काय पडे, हे मात्र जात आणि जमीन यांवरच ठरत असे. ज्याच्या दारात म्हैस नाही, ज्याच्या बापाला शेत नाही, त्याला वस्तादाने कितीही जोर काढावयास शिकविले तरी त्याचे अंग कशाने भरणार? मेहनत फुकट मिळे. खुराक मिळत नसे. हा प्रश्न महाराजांनी ओळखला, आणि येथूनच या इतिहासाला निराळे वळण लागते.

त्याची पहिली खूण दुष्काळात दिसते. १८९६-९७ च्या दुष्काळात संस्थानाने स्वस्त धान्याची दुकाने उघडली, आणि दुष्काळी कामांवर येणाऱ्या मजूर स्त्रियांच्या तान्ह्या मुलांसाठी संगोपनगृहे चालविली. आई दगड फोडीत असता मूल उन्हात उपाशी पडू नये, ही ती दृष्टी होती. मुलाचे पोट हा केवळ त्याच्या आईबापांचा खासगी प्रश्न नसून राज्याचाही आहे, हे तत्त्व त्यात प्रथमच कृतीत आले.

दुसरी आणि मोठी खूण वसतिगृहांत आहे. खेड्यातील हुशार मुलगा कोल्हापुरात शिकावयास आला म्हणजे त्याची पहिली अडचण पुस्तकांची नसे. ती जेवणाची असे. कोठे राहावे, कोणाच्या पंक्तीला बसावे, कोणाच्या हातचे खावे, या प्रश्नांत कित्येकांचे शिक्षण संपून जाई. १९०१ साली महाराजांनी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केले. त्याच वर्षी जैन वसतिगृह, १९०६ साली मुसलमान वसतिगृह, आणि १९०८ साली अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. पुढे निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे निघत जाऊन कोल्हापूरला ‘वसतिगृहांची जननी’ हे नाव मिळाले. जातवार वसतिगृहे काढण्याची ही पद्धत आज कोणास अपुरी वाटेल. परंतु दोन वेळची भाकरी आणि झोपण्यापुरती जागा निश्चित झाल्यावाचून मुलाच्या हातात पाटी टिकत नाही, हे तीमागचे सत्य अपुरे नव्हते. १९१७ साली महाराजांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले, आणि मुलांना शाळेत न धाडणाऱ्या पालकांना दरमहा १ रुपया दंड ठरविला. पण त्या सक्तीच्या आधी सोळा वर्षे त्यांनी पंक्ती मांडली होती, हा क्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे. आधी ताट, मग पाटी.

या कोल्हापुरी धड्याचा सर्वांत तेजस्वी विद्यार्थी म्हणजे कर्मवीर भाऊराव पाटील. कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे १८८७ साली त्यांचा जन्म झाला. शिक्षणासाठी ते कोल्हापुरास आले तेव्हा जैन वसतिगृहात राहत. अंगाने धिप्पाड, खेळांत पुढे, असा हा मुलगा. १९०८ साली मिस क्लार्क वसतिगृहाच्या उद्घाटनाला तो गेला. परतल्यावर, विटाळ झाला म्हणून अंघोळ केल्यावाचून भोजनगृहात येता येणार नाही, असे त्याला सांगण्यात आले. त्याने अंघोळ करण्याचे नाकारले आणि वसतिगृह सोडावे लागणे पत्करले. एका जेवणाच्या दारात उभ्या राहिलेल्या त्या मुलाने पुढे हजारो मुलांसाठी जेवणाचे दार उघडले.

१९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यास असे वसतिगृह काढले, जेथे सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करीत आणि एका पंक्तीला जेवीत. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहूंचे नाव देण्यात आले. तेथील मुले पाणी भरीत, जमीन खणीत, भाजीपाला पिकवीत, भाकरी थापीत. पोटाला मिळणारी भाकरी आणि अंगाला होणारी मेहनत यांची गाठ येथे तालमीपेक्षाही घट्ट बसली; कारण मुलाला ठाऊक असे की जी भाजी ताटात आहे तिचा वाफा आपणच खणला आहे. आपल्या हाताने पिकविलेले आणि शिजविलेले मूल सहसा टाकीत नाही, हा अनुभव आजच्या घरांतही पडताळून पाहता येतो.

या वसतिगृहाचा आणखी एक प्रसंग सांगितल्यावाचून पुढे जाणे योग्य होणार नाही. एकदा कोठीतील धान्य संपले आणि मुले उपाशी राहण्याची वेळ आली. भाऊराव गावी नव्हते. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी एकेक करून आपले दागिने या कामी आधीच दिले होते. त्या दिवशी त्यांनी गळ्यातील मंगळसूत्रही काढून दिले आणि मुलांच्या पोटात अन्न घातले. १९३० साली ही माउली निवर्तली. कोणाच्या तरी लेकरांना पोटभर जेवू घालण्यासाठी सुवासिनीने आपले शेवटचे लेणे द्यावे, याहून मुलांच्या आहाराच्या प्रश्नाची थोरवी अधिक काय सांगावी?

तालमीचा धडा आणि पंक्तीचा धडा हे दोन्ही ज्याच्या आयुष्यात एकत्र दिसतात असा कोल्हापूरचा विद्यार्थी म्हणजे खाशाबा जाधव. कराडजवळील गोळेश्वर गावी १९२६ साली जन्मलेला हा मुलगा पैलवान बापाच्या देखरेखीखाली लहानपणीच मातीत उतरला, आणि पुढे शिक्षणासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात आला. पैलवान म्हटला की जो अवाढव्य देह डोळ्यांपुढे येतो तसा त्याचा नव्हता. बुटका, हलका, पण अत्यंत चपळ. १९४८ साली कोल्हापूरच्या महाराजांच्या साहाय्याने तो लंडनच्या ऑलिंपिकला गेला आणि गादीवरील कुस्तीची सवय नसतानाही सहावा आला. १९५२ साली हेलसिंकीस जाण्यासाठी पैसे नव्हते, तेव्हा कराडच्या लोकांनी वर्गणी काढली आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताला व्यक्तिगत क्रीडाप्रकारात मिळालेले ते पहिले ऑलिंपिक पदक होय.

या कथेचा बोध पालकांना दोन प्रकारे उपयोगी आहे. एक तर, मूल अंगाने भरले नाही म्हणून ते दुर्बळ आहे असे समजण्याचे कारण नाही. चपळाई, दम आणि भूक चांगली असली म्हणजे हाडापेराने लहान मूलही निरोगी असते. त्याला बळेच लठ्ठ करण्याच्या नादात त्याची स्वाभाविक भूक मारली जाते. दुसरे असे की, मुलाची शक्ती ही एकट्या घराची कमाई नसते. गाव, शिक्षक, संस्थान या सर्वांनी हातभार लावला तेव्हा एक खाशाबा झाला.

कुस्तीबरोबरच या नगरीत दुसरेही खेळ रुजले. पोहणे तर नदीकाठच्या पोरांना चालण्याइतकेच सहज येई. पंचगंगेचा घाट आणि रंकाळा हीच त्यांची शाळा. फुटबॉल इंग्रजी अमदानीत आला आणि कोल्हापूरने त्यालाही तालमीच्या दावणीला बांधले. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम ही फुटबॉल संघांची नावे ऐकून परगावचा माणूस चकित होतो. पण कोल्हापुरकरास त्यात काही नवल वाटत नाही. खेळ बदलला, पेठ तीच राहिली. २०१७ साली भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील मुलांच्या विश्वचषकात खेळलेला अनिकेत जाधव हा याच मातीतला.

परंतु या इतिहासात एक मोठी उणीव आहे, आणि ती झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. तालमीच्या दारात मुलींना प्रवेश नव्हता. मुलगा जोर काढून आला म्हणजे त्याच्यापुढे दुधाचा पेला येई. त्याच वेळी त्याची बहीण पाणी भरून, भाकऱ्या थापून सर्वांच्या मागून जेवावयास बसे. मेहनत तिचीही होती, किंबहुना अधिक होती. खुराक मात्र भावाचा. शाहू महाराजांनी स्त्रीशिक्षणाचे काम रखमाबाई केळवकर यांच्यासारख्या कर्तबगार स्त्रीकडे सोपविले, तरी घरातील ताटाची ही वाटणी लवकर बदलली नाही. बदल आला तो अलीकडच्या काळात. २००४ साली स्त्रियांच्या कुस्तीला ऑलिंपिकमध्ये स्थान मिळाले, आणि कोल्हापूरजवळील वडणग्याच्या रेश्मा मानेसारख्या मुली लाल मातीतून पुढे आल्या. कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत २०१० साली नेमबाजीत जगज्जेत्या ठरल्या. २०२३ साली सांगलीस स्त्रियांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली. ज्या घरात मुलगी आणि मुलगा यांच्या ताटांत व मैदानात फरक केला जात नाही, त्या घराने शंभर वर्षांची चूक दुरुस्त केली असे समजावे.

स्वातंत्र्यानंतर, १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. राजाश्रय संपला, त्याची जागा हळूहळू सहकाराने आणि सरकारी योजनांनी घेतली. १९६३ साली जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ स्थापन झाला आणि म्हशीवाल्या लहान घरांत रोख पैसा येऊ लागला. मात्र त्यात एक नाजूक प्रश्नही होता: सगळे दूध डेअरीला घातले, तर घरातील पोराच्या वाट्याला काय? सुज्ञ गृहिणीने त्याचे उत्तर नेहमी एकच दिले. पोरांपुरते आधी काढून ठेवावे, मग कॅन भरावी. १९९५ साली देशभर शाळांतून दुपारच्या आहाराची योजना सुरू झाली. तीत प्राथमिक वर्गातील मुलाला ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने, व वरच्या वर्गातील मुलाला ७०० उष्मांक आणि २० ग्रॅम प्रथिने मिळावीत असे प्रमाण पुढे ठरविण्यात आले. शाळेच्या ओसरीवर मांडलेली ती पंक्ती पाहिली म्हणजे १९०१ च्या वसतिगृहाची आणि साताऱ्याच्या सामायिक पंक्तीची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

असे असूनही चिंतेला जागा आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील १०० मुलांपैकी सुमारे ३५ मुले वयाच्या मानाने खुजी आढळली. त्याच पाहणीत अतिवजनाच्या मुलांचे प्रमाण ४.१ टक्के आढळले. आधीच्या, २०१५-१६ च्या पाहणीत ते १.९ टक्के होते. एकाच राज्यात एका मुलाला खुराक नाही आणि दुसऱ्याला मेहनत नाही. कोल्हापूरच्या जुन्या वस्तादाने जी जोडी कधी फुटू दिली नाही, ती येथे दोन निरनिराळ्या घरांत फुटून पडली आहे. पैलवानी सोडल्यावरही जो खुराक सोडीत नाही त्याचे शरीर कसे सुटते, हे प्रत्येक पेठेने पाहिलेले आहे. आज शहरातील मुलांच्या बाबतीत तेच लहान वयात घडत आहे. जिभेला पैलवानाचे तूप, आणि अंगाला मेहनत कारकुनाची.

यावर उपाय कोणता? जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली असे सांगितले की ५ ते १७ वर्षांच्या मुलामुलींना दररोज सरासरी ६० मिनिटे तरी अंग मेहनतीला लागेल असा व्यायाम किंवा खेळ घडावा. एक तास, म्हणजे तालमीच्या सकाळपेक्षा काही अधिक मागणे नव्हे. परंतु तो तास मुलाला एकट्याने काढावयास सांगून निघत नाही. त्यासाठी घराजवळ मोकळी जागा लागते, सवंगडी लागतात, आणि जवळपास वावरणारे एखादे जाणते माणूस लागते. हाकेच्या अंतरावरील मैदान गाड्या उभ्या करण्यासाठी गेले, की त्या पेठेतील मुलांची भूकही गेली असे खुशाल समजावे. मैदान राखणे हे म्हणूनच स्वयंपाकघर राखण्याइतकेच गृहकृत्य आहे.

आणि घरात करावयाचे ते याहून सोपे आहे. मुलाने खेळून यावे, हातपाय धुवावे आणि घरच्या माणसांबरोबर पाटावर बसावे. ताटात भाकरी असावी, डाळ किंवा उसळ असावी, एखादी पालेभाजी, ताक किंवा दही असावे. त्यात काय वाढावे हे मोठ्यांनी ठरवावे. किती खावे हे मुलाच्या भुकेला ठरवू द्यावे. मधल्या वेळी फरसाण, बिस्किटे आणि गोड पेये यांनी ती भूक मारू नये. शेंगा आणि गुळाचा खडा पूर्वीही पुरत असे, आजही पुरतो. जमेल तेव्हा मुलाच्या हाती भाजी निवडण्याचे, कणीक मळण्याचे, परसात नाहीतर कुंडीत मेथी पेरण्याचे काम द्यावे. साताऱ्याच्या वसतिगृहात जे साधले ते शहरातील दोन खोल्यांच्या घरातही थोड्या प्रमाणात साधते.

कोल्हापुरात अजूनही पहाटे तालमींचे दिवे लागतात. वस्ताद काठी टेकीत येतो, एखादे नवे पोर खोरे उचलते आणि त्याच्या उंचीला न पेलणारी माती उकरू लागते. त्याला कोणी भरवीत नाही, कोणी उपदेश करीत नाही. तासाभराने ते घामाघूम होऊन घराकडे पळत सुटते, आणि दारातूनच ओरडते, “आई, भाकरी वाढ!” ही हाक प्रत्येक घरात, मुलाच्या आणि मुलीच्याही तोंडून, ऐकू येईल अशी दिवसाची मांडणी करणे, एवढेच मोठ्या माणसांच्या हाती आहे, आणि ज्यांच्या घरी हाक आली तरी वाढावयास भाकरी नाही, त्यांच्यासाठी पंक्ती मांडणे, हे समाजाच्या हाती.